खालच्या सुरातली घंटा

फोल्कमार लेनिक नाट्यगृहात नवा होता तेव्हाची गोष्ट. रविवार दुपारचा हलकाफुलका संगीत प्रयोग होता. मोठे मास्तर ताप येऊन घरी पडले होते, म्हणून एरवी पियानोवर गायकांच्या तालमी घेणाऱ्या या किडकिडीत तरुणाच्या हातात छडी आली. प्रयोग बिनबोभाट पार पडला. शेवटचा स्वरमेळ आला. फोल्कमारनं दोन्ही हात वर नेले, सगळा वाद्यवृंद भरून आला, आणि हात वरच राहिले.

त्याला त्या स्वरमेळाच्या खाली आणखी काहीतरी ऐकू येत होतं. लांब कुठंतरी कुणी गोठ्याचं दार ओढून घ्यावं तसं. ते काय आहे हे कळेपर्यंत थांबू, एवढंच त्याच्या मनात होतं. वर पडदा पडला, टाळ्या सुरू झाल्या, गायक वाकून वाकून दमले, आणि खाली वादक बिचारे तोच सूर धरून बसलेले. हॉर्न वाजवणारा गेरलाख आधी लाल झाला, मग जांभळा. शेवटी त्यानं आपणच हॉर्न मांडीवर ठेवला. मग बाकीचेही एकेक करून थांबले आणि फोल्कमारचे हात हवेत तसेच राहिले.

"मास्तर," गेरलाख नंतर म्हणाला, "मी तीन लेकरांचा बाप आहे. पुढच्या वेळी तुम्हाला ढगात जायचं असेल तर आम्हाला आधी खाली उतरवून जा."

"आणि एक सांगा," व्हायोला वाजवणाऱ्यांच्या रांगेतून एक बाई म्हणाल्या, "आम्ही तुमच्या उजव्या हाताकडं बघायचं की डाव्या? दोघांचं आपसात काही पटलेलं दिसत नाही."

या बाई म्हणजे आनेग्रेट. सरळ नाक, आखूड कापलेले केस आणि जिभेला धार. फोल्कमार तिला घाबरायचा, आणि तालमीत नजर मात्र फिरून फिरून तिच्याच रांगेकडं जायची. एकदा दोघं एकाच ट्राममधून घरी निघाले होते. काचेवर पाऊस ओघळत होता, त्या ओघळांत फोल्कमार असा काही हरवला की त्याचा थांबा गेला, तिचाही गेला, आणि ट्राम आगारात जाऊन थांबली. दिवे विझले तेव्हा त्यानं पाहिलं, आनेग्रेट समोर तशीच बसून होती.

"तुम्ही का नाही उतरलात?" त्यानं विचारलं.

"बघत होते, तुम्ही कुठवर जाता ते."

वर्षभरात त्यांचं लग्न झालं. 'मास्तर' हे नाव मात्र तिनं सोडलं नाही. लाडात असो की रागात, ती त्याला मास्तरच म्हणायची. कुठल्या वेळी कुठलं मास्तर, ते आवाजावरून ओळखायचं.

फोल्कमार मूळचा वोल्शोचा. पूर्व जर्मनीतल्या लाउझित्स भागात, पाइनच्या रानात, वाळूच्या जमिनीवर वसलेलं ते गाव. वडील आल्विन लाकडाच्या गिरणीवर करवतीपाशी उभे राहायचे, आणि आई हर्टा दोन गायी, कोंबड्या आणि बटाट्याचा वाफा सांभाळायची. आई माणसांशी जर्मन बोलायची आणि गायींशी तिच्या आजीची वेंडिश भाषा. फोल्कमारला लहानपणी वाटायचं, वेंडिश ही गायींचीच भाषा आहे, आणि आईला ती गायींनीच शिकवली.

गावामागं एक तळं होतं. शरद ऋतूत त्या तळ्यातून धुकं उठायचं आणि अंगणात येऊन बसायचं. मग गाव डोळ्यांनी दिसायचं नाही, कानांनी दिसायचं. करवत थांबली की कळायचं, वडील निघाले. बादलीची कडी वाजली की आई विहिरीपाशी. संध्याकाळी चर्चची घंटा व्हायची, आणि ती विरता विरता आई दुधाची चरवी घेऊन दारातून आत यायची. त्याच्यापुरती घंटेला दुधाचा वास होता. पिसांच्या रजईत नाकापर्यंत शिरून तो हे सगळं ऐकत पडायचा. बहीण ट्राउडल त्याला ढोसायची, "झोपलास का मेलास?" तर तो म्हणायचा, "ऐकतोय." ती म्हणायची, "काय? काहीच तर वाजत नाहीय." तिला खरंच काही ऐकू यायचं नाही. तिला बघायचं असायचं, पळायचं असायचं, झाडावर चढायचं असायचं.

शाळेचे मास्तर रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे. त्यांनी या पोराचे कान ओळखले आणि आधी ऑर्गनच्या बाकावर, मग शहरातल्या शाळेत, आणि शेवटी लाइप्झिगच्या संगीत विद्यालयात त्याला पोचतं केलं. तो तिकडं शिकत होता तेव्हाच खाणीची माणसं नकाशे घेऊन वोल्शोच्या खानावळीत आली. कोळसा गावाच्या पोटात होता. ही बातमी कुणाला नवी नव्हती. आजूबाजूची गावं अशीच गेली होती. तरी ज्याच्या त्याच्या मनात होतं की आपलं राहील.

ईस्टरला फोल्कमार घरी आला तेव्हा अर्ध्या घरांच्या खिडक्यांना तावदानं नव्हती. ट्राउडल त्याला घ्यायला बसथांब्यावर आली होती.

"घंटा उतरवली," ती म्हणाली. "गेल्या आठवड्यात. रानापलीकडच्या कुठल्या चर्चला दिलीय म्हणे. सगळे रडले. मी पण रडले, आणि मला तर ती कधी आवडायची पण नाही."

"मला कळवायचं नाहीस?"

"कळवलं असतं तर काय केलं असतंस? वाजवली असतीस?"

आईवडिलांना शहरात तिसऱ्या मजल्यावर घर मिळालं. गरम पाणी नळाला, उष्णता भिंतीतल्या नळीतून. वडील दिवसभर खिडकीशी उभे राहायचे. आई सकाळी स्वयंपाकघरात यायची आणि हात कुठं ठेवावेत ते तिला कळायचं नाही. "चूल पेटवायची नाही, गायी बघायच्या नाहीत," ती म्हणायची, "मग माणसानं उठायचं तरी कशाला?" दुसऱ्या हिवाळ्यात ती एक दिवस उठलीच नाही.

त्याच शहरातल्या नाट्यगृहात फोल्कमार लागला तो वडिलांच्या जवळ राहता यावं म्हणून. पियानोवरच्या तालमी, मग बालनाट्यं, मग दुय्यम संचालक. मोठे मास्तर गाजलेले प्रयोग करायचे. त्याच्या वाट्याला रविवार दुपार, शाळांचे प्रयोग आणि आसपासच्या गावांतले दौरे यायचे. त्याला त्याचं वाईट वाटायचं नाही. गावोगावच्या थंड सभागृहांत, कोट अंगात ठेवून बसलेल्या लोकांपुढं वाजवायला त्याला आवडायचं. आणि उरलेल्या वेळात तो रचना करायचा. करायचा म्हणजे चालायचा. रानातून तासन्‌तास चालून यायचा, स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसायचा आणि समोरचे बटाटे, चक्का आणि जवसाचं तेल तसंच ठेवून कागदावर ठिपके काढत राहायचा. कधी वर्षातून एकदा त्याची एखादी रचना हंगामाच्या पहिल्या कार्यक्रमात सुरुवातीला लागायची.

"तुझ्या संगीताचा एक गुण मानायला हवा," आनेग्रेट म्हणायची. "ते चालू असताना लोकांना आपापली खुर्ची बरोबर सापडते."

तो हसायचा. तिला ती रचना, अवघड जागी बोटं कशी टाकायची त्यासकट, पाठ असायची, हे त्याला माहीत होतं.

एकदा खाणीचा वर्धापनदिन आला. शहरातलं सगळंच खाणीवर चालायचं, नाट्यगृहसुद्धा. वरून निरोप आला की उत्सवासाठी नवी रचना हवी, आणि ती लेनिकनं करावी. इथल्याच मातीतला माणूस आहे.

"मातीतला," आनेग्रेट म्हणाली. "ती माती त्यांनीच नेली ना?"

फोल्कमारनं रचना केली. नाही म्हणण्याची त्याची हिंमत झाली नाही, हे एक. आणि दुसरं, त्याला कामाला लागल्यावर मजा यायला लागली. पितळी वाद्यं भरपूर, ढोल, शेवटी सगळं उजळून निघतं अशी ती रचना. प्रयोगाच्या दिवशी वडील पहिल्या रांगांमध्ये बसले होते, लग्नातला काळा कोट घालून. टाळ्या खूप झाल्या. खाणीच्या प्रमुखानं फोल्कमारला फुलं दिली. बाहेर पडताना वडिलांनी मुलाच्या कोटाची कॉलर सरळ केली आणि म्हणाले, "वाजलं चांगलं."

त्यानंतर त्यांनी या गोष्टीचं नाव काढलं नाही. त्यांच्या पश्चातसुद्धा फोल्कमारला कधी कधी मानेपाशी ती बोटं जाणवायची आणि तो उगाच कॉलर चाचपायचा. ती रचना त्यानं परत कधी वाजवली नाही.

पुढं बर्लिनची भिंत पडली, देश एक झाला. दुकानांत केळी आली, नाट्यगृहात प्रेक्षक येईनासे झाले. लोक आपापल्या नव्या गाड्या घेऊन लांब लांब फिरायला गेले होते. खाण बंद पडली. शेजारच्या शहराचा वाद्यवृंद आणि इथला वाद्यवृंद एकत्र करून एकच ठेवायचं ठरलं. त्यात आनेग्रेटची व्हायोला राहिली, दुय्यम संचालकाची खुर्ची गेली. फोल्कमार तेव्हा चाळिशी ओलांडून पुढं आला होता. ऱ्हाइनकाठच्या एका शहरात त्याला जागा मिळाली. तिथला वाद्यवृंद उत्तम, माणसं मोकळी, दारू गोड. एक हंगाम करून तो परत आला. पेटी घेऊन दारात उभा राहिला तेव्हा आनेग्रेटनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"काय झालं? हाकललं का?"

"नाही. उलट थांबा म्हणत होते."

"मग?"

"तिथं सगळं फार स्पष्ट ऐकू येतं," तो म्हणाला.

"बूट काढ," ती म्हणाली. "आणि बटाटे खा, ते तरी गार व्हायच्या आत."

खाणीचा खड्डा आता रिकामा पडून होता, चंद्रावर असावा तसा. त्यात श्प्रे नदीचं पाणी सोडायला सुरुवात झाली. एवढा मोठा खड्डा. भरायला वर्षांमागून वर्षं लागली. फोल्कमार शाळेत मुलांना पियानो शिकवायचा, लग्नाकार्यात ऑर्गन वाजवायचा, आणि रविवारी खड्ड्याच्या काठाशी जाऊन उभा राहायचा. आधी तळाशी एक चकाकणारी रेघ दिसायची. मग ती डबक्याएवढी झाली. मग एका वसंतात पाण्यावर हंस उतरले. आणि एका सकाळी तो गेला तर समोर धुकं होतं. लहानपणी अंगणात यायचं तसंच, पांढरं, जड, पाण्यातून हळूहळू वर येणारं. त्यामागं काही दिसत नव्हतं. तो डोळे मिटून उभा राहिला. त्याला वाटलं आता बादलीची कडी वाजेल.

"खाली काही नाहीये, मास्तर," आनेग्रेट मागून म्हणाली. ती त्या दिवशी बरोबर आली होती. "गाव बुडालेलं नाही. ते खणून नेलंय. खाली नुसती वाळू आहे."

"माहीत आहे मला."

"मग ऐकतोस काय?"

तिनं त्याच्या खिशात आपला गार हात घातला आणि दोघं तशीच उभी राहिली, पार धुकं उठेपर्यंत.

वोल्शोची उठवलेली माणसं शहराच्या एका टोकाला नव्या वस्तीत राहायची. त्यांचं एक गायकमंडळ होतं. बुधवारी संध्याकाळी जमायचं, चार गाणी म्हणायची, कॉफी आणि आलुबुखाराचा केक खायचा. त्यांचे संचालक वारले तेव्हा बुदारिककाकू स्वतः फोल्कमारच्या दारात आल्या. वोल्शोत त्यांचं घर लेनिकांच्या कुंपणाला लागून होतं. आता त्या सत्तरीच्या पुढं होत्या, पण आवाज असा की गल्लीच्या टोकाचं कुत्रं उठून बसावं.

"फोल्कमार," त्या म्हणाल्या, "तू मोठ्या नाट्यगृहातला माणूस. आम्हाला शिकवायला येशील का ते सांग. नाही म्हणालास तरी केक तुझ्यासाठीच आणलाय."

तो गेला. आधी एका बुधवारसाठी, मग कायमचा. त्यांच्यातल्या निम्म्यांना सुरात गाता यायचं नाही आणि उरलेल्यांना शेजारचा चुकतोय हे सांगितल्याशिवाय राहवायचं नाही. पण ती म्हातारी माणसं एकत्र श्वास घ्यायची तेव्हा त्याला तो श्वास ओळखीचा वाटायचा. त्या वर्षी तो पुन्हा लिहायला लागला. गायकमंडळ, तंतुवाद्यं, दोन हॉर्न. शब्द नाहीत.

"शब्द का नाहीत?" बुदारिककाकूंनी पहिल्या तालमीला कागद उलटा-सुलटा करून पाहिला. "आम्ही नुसतं आ आ करायचं? दाताच्या डॉक्टरकडं बसल्यासारखं?"

"काकू, गावावर आहे ते."

काकूंनी कागद मांडीवर ठेवला.

"गाव गेलं," काकू म्हणाल्या. "गेलेल्याचं गाणं कशाला करायचं?" मग कागद परत उचलून, "बरं, आ तर आ. शब्द असते तर मी म्हटलं नसतं."

त्या रचनेच्या मधोमध एक सूर होता. सगळं त्याच्याभोवती फिरायचं, व्हायोला त्याच्यापासून निघायच्या आणि परत त्याच्यापाशी यायच्या, आणि शेवटी गायकमंडळ तोच एक सूर धरून थांबायचं. तो वोल्शोच्या घंटेचा सूर होता. फोल्कमारला तो झोपेतून उठवून विचारला असता तरी सांगता आला असता. तो कानात नव्हताच, हाडात होता.

रचना जवळजवळ पुरी होत आली तेव्हा आनेग्रेट म्हणाली, "मास्तर, ती घंटा आहे कुठं आता? जाऊन ऐकून तरी येऊ."

एवढ्या वर्षांत तो गेला नव्हता. का, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. चौकशी केल्यावर कळलं की रानापलीकडं, गाडीनं तासाभराच्या अंतरावर एक लहानसं चर्च आहे, तिथं ती टांगलेली आहे. ट्राउडल त्याच बाजूला राहायची. शनिवारी दुपारी तिघं गेली. धान्याच्या शेताच्या कडेला चर्च, समोर बाक. घंटा वाजवायला आलेल्या गृहस्थांनी विचारलं, "वोल्शोची का तुम्ही माणसं? बसा, बसा. आता वाजेल."

घंटा वाजली. मोकळी, उजळ, शेतावरून लांब जाणारी.

फोल्कमार बाकावर ताठ बसला. आनेग्रेटनं त्याच्याकडं पाहिलं. तिच्याही कानांना कळलं होतं. घंटा त्याच्या सुराहून चांगला एक सूर वरची होती.

"ही ती नाही," तो म्हणाला.

"तीच आहे," ट्राउडल म्हणाली. "ते बघ, कडेला नाव कोरलंय गावाचं. मी पाहून आले."

"मग हिला काहीतरी झालंय. उतरवताना तडा गेला असेल."

"तडा गेला तर घंटा खरखरते, मास्तर," आनेग्रेट हळूच म्हणाली. "वर नाही जात."

घंटा थांबल्यावर शेतावरचा वारा ऐकू यायला लागला. फोल्कमारनं आपला सूर गुणगुणून पाहिला, आपल्यालाच पटवायला. खोल, घशातला, जरासा थकलेला सूर.

ट्राउडल एकदम हसायला लागली. हसता हसता तिनं डोळे पुसले.

"अरे, ही आई आहे," ती म्हणाली.

"काय?"

"आई गुणगुणायची ना. घंटा सुरू झाली की गोठ्यात दूध काढता काढता ती घंटेबरोबर सूर लावायची. हूं... हूं... गायींना आवडतं म्हणायची. आणि तिचा आवाज तेवढा वर जायचाच नाही, म्हणून कायम खाली. मला इतका राग यायचा त्याचा. मी दारातून ओरडायचे, आई, खाली लागतोय, आणि ती म्हणायची, गायींची काही तक्रार नाही."

गोठा घराच्या भिंतीला लागून होता आणि त्याचा पलंग त्याच भिंतीशी. चर्च गावाच्या दुसऱ्या टोकाला. धुक्यातून घंटा अंधूक यायची आणि भिंतीतून आई.

परतताना तो मागच्या सीटवर काच खाली करून बसला. रान दोन्ही बाजूंनी सरकत होतं. ट्राउडलला तिच्या दारात सोडल्यावर आनेग्रेटनं आरशातून पाहिलं.

"बदलणार आहेस का?"

"सगळंच बदलावं लागेल. एक सूर वर घेतला तर गायकमंडळातल्या बायकांना झेपणार नाही. हॉर्न दुसरे घ्यावे लागतील."

"मी हॉर्नबद्दल विचारत नाहीय."

नंतरचे काही आठवडे तो नुसता चालला. पाण्याच्या काठानं, रानातून, कधी शहरातल्या शहरातच. शाळेतल्या मुलांनी चुकीचं वाजवलं तरी त्याचं लक्ष नसायचं. एकदा स्वयंपाकघरात आनेग्रेट बटाटे सोलत होती आणि नकळत तोच सूर तिच्या तोंडून निघाला. तो दारात थांबला. तिच्या हातातला बटाटा, खिडकीवरची वाफ, आणि तो खालचा सूर. ती वळली तेव्हा त्याचं ठरलं होतं.

"राहू दे," तो म्हणाला. "आहे तसंच राहू दे."

"मला ते गाडीतच माहीत होतं," आनेग्रेट म्हणाली. "पण तुला सांगून उपयोग नसतो. तुला आगारापर्यंत जाऊ द्यावं लागतं."

पाण्याच्या काठावर तेव्हा वोल्शोच्या आठवणीसाठी एक लाकडी सभागृह बांधलेलं होतं. तिथं कार्यक्रम झाला. गेरलाख निवृत्त झाला होता, पण आपला जुना हॉर्न घेऊन आला, म्हणाला, "मास्तर, आता लेकरं मोठी झाली. धरा कितीही वेळ." गायकमंडळाच्या बायका पांढरे ब्लाउज घालून दाटीवाटीनं उभ्या राहिल्या. दारं उघडी होती. दुपार कलली होती आणि पाण्यावरचा उजेड छतावर हलत होता.

शेवटचा सूर आला. बुदारिककाकूंनी छाती भरून श्वास घेतला, बाकीच्यांनी घेतला, आणि तो खोल, थकलेला सूर उभा राहिला. व्हायोला त्याच्यात येऊन मिसळल्या. फोल्कमारचे हात वर होते. त्या सुराच्या खाली त्याला काही वेगळं ऐकू येत नव्हतं. जे होतं ते समोर होतं. त्यानं हात खाली घेतले, आणि सगळे एकदम थांबले.

कॉफीच्या वेळी बुदारिककाकू केकची बशी घेऊन त्याच्याजवळ आल्या.

"फोल्कमार, ती घंटा काही तशी नव्हती हं," त्या म्हणाल्या. "आमची घंटा वरची होती."

"माहीत आहे, काकू."

"पण हर्टा तशीच होती." त्यांनी बशी त्याच्या हातात दिली. "कुंपणापलीकडून रोज ऐकलंय मी. तालमीत पहिल्या दिवशीच मला वाटलं, ही बाई कोण आली इथं. बोलले नाही. उगाच तुझ्या कलेत तोंड कशाला घाला."

त्या दुपारचं ध्वनिमुद्रण कुणीतरी केलं होतं आणि ते हातोहात फिरत फिरत उत्तरेकडं समुद्रकाठच्या एका शहरात पोचलं. तिथल्या वाद्यवृंदाची संचालिका रेग्लिंडे फोस नावाची तरुण बाई होती. तिनं फोन केला. तिला ती रचना करायची होती, तिच्या गायकमंडळासह. आणि लेनिकनं स्वतः येऊन संचालन करावं अशी तिची इच्छा होती.

"तुम्हीच करा," फोल्कमार म्हणाला. "मी ऐकायला येतो. माझं काही मी कधी खुर्चीत बसून ऐकलेलं नाही."

ती दोघं आगगाडीनं गेली. सपाट प्रदेश, पवनचक्क्या, वर भरपूर आकाश. आनेग्रेटनं डब्यात उकडलेली अंडी आणि लोणच्याच्या काकड्या घेतल्या होत्या. त्या शहरात त्यांना कुणी ओळखत नव्हतं. सभागृह मोठं, खुर्च्या मऊ, लाल मखमलीच्या. सहाव्या रांगेत मधोमध त्यांची जागा होती. फोल्कमारनं गळ्यातला टाय सैल केला. आनेग्रेटनं तो परत घट्ट केला.

रेग्लिंडे फोस आली, तिनं वाकून नमस्कार केला, छडी उचलली. आधी व्हायोला सुरू झाल्या. आनेग्रेटची बोटं मांडीवर आपोआप हलायला लागली. ही बाई रचना जरा सावकाश घेत होती, पण तिला कळलेली होती. हॉर्न आले. मग गायकमंडळ, तरुण, स्वच्छ आवाजांचं. एकालाही वोल्शो ठाऊक नव्हतं. आनेग्रेटला वाटलं, आता याच्याकडं बघू नये. डोळ्यांत पाणी असेल तर त्याला आवडायचं नाही. तरी तिनं पाहिलं.

फोल्कमार झोपला होता. हनुवटी छातीवर, हात पोटावर, तोंड किंचित उघडं. सगळ्या गोष्टी जागच्या जागी असल्यावर माणूस झोपतो, तसा. गोष्टींना धरून ठेवायला त्याच्या हातांची आता गरज नव्हती. त्याच्या मांडीवरची कार्यक्रमपत्रिका घसरायला लागली होती, ती तिनं पडायच्या आत अलगद उचलली. शेजारच्या बाईंनी नाक मुरडून पाहिलं. आनेग्रेट त्यांच्याकडं वाकून कुजबुजली, "राहू दे. त्यांनीच लिहिलंय."

टाळ्यांनी तो जागा झाला. सगळं सभागृह उभं राहिलं होतं आणि मंचावरून रेग्लिंडे फोस हात पुढं करून त्याच्याकडं बोट दाखवत होती. तो गोंधळून उभा राहिला, एकदा इकडं वाकला, एकदा तिकडं, आणि मग खाली बसला तो आनेग्रेटच्या कोटावर.

नंतर मंचामागं दाटी होती. रेग्लिंडेचे गाल लाल झाले होते. तिनं त्याचे दोन्ही हात हातात घेतले.

"मास्तर, खरं सांगा. कसं झालं? फार सावकाश घेतलं का मी?"

फोल्कमारनं विचार केला. खोटं बोलणं त्याला जमायचं नाही.

"मला फार छान झोप लागली," तो म्हणाला.

रेग्लिंडे फोस अशी मोठ्यानं हसली की पलीकडचे हॉर्नवाले वळून बघायला लागले. आनेग्रेट आपला चुरगळलेला कोट झटकत होती. बाहेर समुद्राकडून खारट वारा येत होता. ती दोघं हॉटेलच्या दिशेनं निघाली, आणि कोपऱ्यावर त्यांना तळलेल्या माशांचं एक उघडं दुकान दिसलं.

"भूक लागलीय?" तिनं विचारलं.

"खूप," फोल्कमार म्हणाला.